कामगाराला मास्क समजला, हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तुमची मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, आहे. कामगार दीडशेच्या आत, त्यातले निम्म्याहून जास्त ठेकेदाराचे. बरेच बिहार-ओडिशाचे, काही निपाणी-चिकोडीकडून येणारे कानडी बोलणारे, बाकी आपल्या आसपासच्या गावांतले. वैयक्तिक संरक्षण साधनांचं, म्हणजे आपण रोज म्हणतो त्या पीपीईचं, प्रशिक्षण सगळ्यांना झालंय. व्हिडिओ दाखवलाय, दहा प्रश्नांचा पेपर घेतलाय, सगळे पास आहेत, रजिस्टरवर सह्या आहेत. तरी फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या विभागात, मास्क हनुवटीवर आणि इअरप्लग खिशात. त्यात ग्राहकाच्या ऑडिटरनं विचारलं, "यांना समजलंय असं तुम्ही कशावरून म्हणता?" आणि तुम्ही विचारताय, पेपर आणखी अवघड करावा का?

करू नका. ज्याला वाचता येतं तो पुन्हा पास होईल, ज्याला येत नाही तो शेजाऱ्याचं बघून खुणा करील, आणि मास्क हनुवटीवरच राहील. गावाकडं पोराला विहिरीत पोहायला शिकवताना "समजलं का?" असं विचारून कुणी घरी जात नाही, पाठीचा डबा सोडल्यावर तो काठाला येतो का, ते बघतात. पीपीईचं शिकवणं याच जातीचं आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. माणसाला समजलं नाही, हा एक. समजलं पण तो वापरत नाही, हा दुसरा. दोन्हींचे उपाय वेगळे. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते ही ज्याची अडचण आहे, त्याला तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा दाखवलात तर तुमचा तास वाया आणि त्याचाही. याच्या उलटा माणूसही सापडतो. तो दिवसभर मास्क लावून काम करतो, सुपरवायझर त्याचं उदाहरण देतो, पण खालचा पट्टा मानेला टोचतो म्हणून त्यानं तो कापून टाकलेला असतो. मला या दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. पहिल्याला निदान आपण उघडे आहोत हे माहीत असतं. दुसऱ्याच्या बाबतीत तो, सुपरवायझर आणि रजिस्टर असे तिघंही समाधानी असतात आणि धूळ मात्र आत जात असते.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत इतकी वर्षं हेच काम करताना माझी कसोटी हळूहळू एका गोष्टीवर येऊन थांबली आहे: आपलं साधन केव्हा नाकारायचं, हे कामगाराला कळलं की त्याला प्रशिक्षण समजलं. हा मास्क ओला झालाय, दुसरा द्या. हे हातमोजे दमट आहेत, यांनी मी लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) धरणार नाही. हा मास्क धुळीचा आहे, अमाइनच्या (कोअर करताना लागणाऱ्या रसायनाच्या) वासाला चालणार नाही. असं जो स्वतःहून बोलतो त्याला ते साधन कशापासून वाचवतं आणि कुठवर वाचवतं, हे दोन्ही माहीत असतं. "मास्क का लावायचा?" या प्रश्नाला "धूळ जाऊ नये म्हणून" हे उत्तर पाठ करता येतं. नाकारायची वेळ मात्र पाठांतरानं ओळखता येत नाही.

आता यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वीस-पंचवीस माणसांच्या शॉपमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, मालक स्वतः एकेकाजवळ उभा राहून हे करू शकतो. तुमच्याकडं ते विभागवारच करावं लागेल. माणसं किती टिकतात यावरही आहे. छठला गावी गेलेल्यांपैकी सगळे परत येत नाहीत, त्यांच्या जागी नवे चेहरे येतात आणि ठेकेदाराच्या यादीत आकडा तेवढाच दिसतो. कोअर, म्हणजे ओतीव भागात पोकळी राखणारे वाळूचे गाभे, तुम्ही शेलचे (तापवून घट्ट केलेले) करता की कोल्ड बॉक्सचे (न तापवता अमाइनच्या वाफेनं घट्ट केलेले), तेही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी कोल्ड बॉक्स आहे असं धरून लिहितो. नसेल तर तेवढा भाग सोडून द्या.

वर्गातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न म्हणजे "समजलं का?" त्याला एकच उत्तर येतं, "हो साहेब". विचारणारा साहेब, कोपऱ्यात ठेकेदाराचा मुकादम, आणि सगळ्यांसमोर शंका काढली तर आपण अडाणी ठरू ही भीती. दुसरं उत्तर येणार कसं? मी असं म्हणतो, "मामा, उद्या तुमच्या गावचा पोरगा पहिल्यांदा फेटलिंगला आला. मीच तो पोरगा. मला हे लावायला शिकवा." आणि मग गप्प बसतो. मधे दुरुस्ती करायची नाही, मान हलवायची नाही. माणूस शिकवायला लागला की त्याच्या डोक्यात काय बसलंय आणि काय राहून गेलंय, ते दोन मिनिटांत समोर येतं. चुका नंतर दाखवायच्या, त्याही त्याच्या हातून करून घेऊन.

मास्कच्या बाबतीत मी काय बघतो ते सांगतो. दोन पट्टे दोन वेगळ्या जागी गेले का, वरचा डोक्याच्या माथ्याकडं आणि खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी एका चिमटीत दाबली की दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही बाजूंनी बसवली. चिमटीनं दाबली की मधे कोन पडतो आणि तिथूनच हवा आत येते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून त्यानं जोरात श्वास सोडला का, आणि डोळ्यांकडं वारा लागला तर पट्टी पुन्हा बसवली का. ही तपासणी रोज, प्रत्येक वेळी मास्क लावताना करायची असते, आणि ती व्हिडिओत पाच सेकंदांत उरकलेली असते. दाढीचा मुद्दाही इथंच येतो. दोन दिवसांची खुंटं असली तरी कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही. धार्मिक कारणानं दाढी ठेवणारा कामगार असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला डोक्यावरून येणारा, पंख्यानं गाळलेली हवा पुरवणारा हुड द्या, किंवा धुळीच्या जागेवरून दुसरीकडं घ्या.

इअरप्लगचं तर बहुतेक कारखान्यांत कधी शिकवलंच जात नाही, फक्त वाटप होतं. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागं ओढायचा, आत घालून तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा, जाड ऐकू येतो. ही खूण कामगाराला सांगा, म्हणजे तो स्वतःच तपासेल. तुमच्यासाठी वेगळी खूण: माणसाच्या बरोबर समोर उभं राहून प्लगची टोकं बाहेर डोकावताना दिसली, तर प्लग आत गेलेला नाही. "हा घातला तर क्रेनचा हॉर्न ऐकू येणार नाही," असं तुम्हाला ऐकायला मिळेल. त्याला बहाणा समजू नका. तिथं हॉर्नच्या जोडीला फिरता दिवा बसवा आणि मग प्लगचा आग्रह धरा.

आता ताटाची पद्धत. माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. कँटीनमधलं स्टीलचं मोठं ताट घ्यायचं. त्यात ठेवायचे: एक नवा एफएफपी२ (धूळ गाळणारा) मास्क, तसाच पण एक पट्टा सैल झालेला दुसरा, तसाच पण घामानं भिजलेला तिसरा, कोविडमधला निळा तीन पदरी मास्क, एक रुमाल, आणि वायू अडवणारी कार्ट्रिज लावलेला रबरी हाफ मास्क. मग एकेकाला बोलवायचं. "नॉकआउटला (साचे फोडून ओतीव भाग काढतात तिथं) जायचंय, उचला." त्यानं उचलला की खरा प्रश्न: "बाकीचे का सोडले?" सैल पट्टा ओळखला का? भिजलेला हातात धरून बाजूला ठेवला का? रुमालाबद्दल काय म्हणतो? कारण रुमाल हा आपल्याकडचा सगळ्यात जुना मास्क आहे आणि त्यावरचा विश्वास सहज जात नाही. मग पुढचा प्रश्न: "आता कोल्ड बॉक्सच्या मशिनवर जायचंय." इथं भलेभले नवा पांढरा मास्कच पुन्हा उचलतात. धुळीचा मास्क अमाइनची वाफ अडवत नाही, हे तोपर्यंत त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या बायकांना विचारून बघा, सुट्टी झाल्यावर कधी दिव्याभोवती निळसर, धूसर दिसतं का. दिसत असेल तर ते अमाइनचं लक्षण असू शकतं. तिथं मास्कवर बोलण्याआधी मशिनवरचा वाफ ओढणारा हुड आणि ती धुऊन काढणारा स्क्रबर बघायला हवा. मेटल ओतल्यावर साच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडलाही हा पांढरा मास्क अडवत नाही, आणि त्याला वासही नसतो. "मास्क आहे, मला काही होत नाही" असं समजणारा माणूस अशा जागी रुमालवाल्यापेक्षा जास्त वेळ थांबतो.

हातमोज्यांचं ताट वेगळं करा. कोरडे चामड्याचे, दमट चामड्याचे, तळव्याला भोक पडलेले, विणलेले सुती, रबरी. ओतकामाच्या माणसानं दमट मोजे बाजूला टाकले पाहिजेत, कारण चामड्यातलं पाणी तापून वाफ झालं की आतला हात भाजतो. आणि शेवटी विचारायचं, "ड्रिल मशिनवर कोणते घालाल?" बरोबर उत्तर आहे, कोणतेच नाहीत. फिरत्या ड्रिलमध्ये, लेथच्या चकमध्ये मोजा अडकला की तो हाताला सोबत घेऊन जातो. सगळ्या भिंतींवर "हातमोजे वापरा" अशा पाट्या असताना "इथं घालायचे नाहीत" हे ज्याला सांगता येतं, तो पाट्या वाचत नाही, विचार करतो.

गोकुळ शिरगावच्या एका शॉपमध्ये ओडिशाचा एक पोअरिंगवाला, म्हणजे मेटल ओतणारा, वर्गात एक शब्द बोलायचा नाही. पेपरात त्याला जेमतेम गुण होते आणि सुपरवायझरनं त्याच्या नावापुढं "समज कमी" असं लिहून ठेवलं होतं. ताट समोर आल्यावर त्यानं प्रत्येक मोजा आतून चाचपला, दमट जोड वेगळा काढला, भोकाचा वेगळा काढला, आणि उरलेला घालून, मनगटाच्या वर किती येतो ते बघून, तोही परत ठेवला. आखूड होता. ते माझ्याही यादीत नव्हतं. त्याची समज कमी नव्हती. आमचा पेपर मराठीत होता.

भाषेचं म्हणाल तर मुकादमाला दुभाषा करू नका. तुम्ही तीन मिनिटं नाकावरची पट्टी, श्वास सोडून बघणं, मास्क कधी बदलायचा हे सगळं सांगता आणि तो तिकडं वळून म्हणतो, "मास्क लगाना है, समझे?" सगळे माना हलवतात. त्यापेक्षा प्रत्येक भाषेच्या गटातला असा एक माणूस निवडा, ज्याचं बाकीचे एरवीही ऐकतात. बहुतेकदा तो सगळ्यात जुना असतो, सगळ्यात शिकलेला असेलच असं नाही. त्याला आधी नीट तयार करा, त्याच्याकडून शिकवून घ्या आणि तुम्ही फक्त हात बघा. पट्टा कुठं गेला हे बघायला तुम्हाला कानडी किंवा ओडिया यावी लागत नाही.

कारण समजावण्यावर थोडा वेळ घालवा, विशेषतः धुळीच्या बाबतीत. भाजणं सगळ्यांना कळतं. १४०० अंशांच्या आसपासचं मेटल समोर दिसतं, त्याची धग लागते, शेजाऱ्याच्या पायावरचा डाग दिसतो. सिलिकाची, म्हणजे वाळूतली, धूळ यातलं काहीच करत नाही. फुप्फुसात खोलवर जाणारा कण दहा मायक्रॉनपेक्षाही लहान असतो, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. जी धूळ अंगावर बसलेली दिसते ती बरीचशी नाकात अडकते. जी दिसत नाही ती आत जाते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, बहुतेकदा बऱ्याच वर्षांनी उघडा पडतो, तो बरा करणारं औषध नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि त्यात क्षयाचा धोका वाढतो. "मी पंधरा वर्षं करतोय, मला काय झालं?" म्हणणाऱ्या जुन्या माणसाला हे घाबरवून पटत नाही. त्याला धूळ दाखवावी लागते. संध्याकाळी फेटलिंग चालू असताना आजूबाजूचे दिवे बंद करा, एक जोरकस बॅटरी लावा आणि झोताच्या समोरच्या बाजूनं, दिव्याचं तोंड पुठ्ठ्यानं झाकून, झोताकडं बघायला लावा. जी हवा स्वच्छ वाटत होती ती कणांनी भरलेली दिसते. ग्राइंडरवाल्याच्या तोंडाजवळून तो लोट जाताना त्याच्या जोडीदारांना एकदा बघू द्या. त्यानंतर मला भाषण करावं लागलेलं नाही.

हा प्रयोग मालकालाही दाखवा. त्याच झोतात धूळ कुठून उडते, सक्शन कुठं ओढतंय आणि कुठं नाही, तेही दिसतं. मास्क हा शेवटचा अडसर आहे. सक्शनचा हुड हातभर लांब आणि डक्ट चोंदलेला असताना कामगाराला मास्कबद्दल रागावणं मला पटत नाही, आणि कामगारालाही ते पटत नाही. तो तोंडानं बोलत नाही एवढंच.

इथवर जे सांगितलं ते प्रशिक्षणाच्या दिवसाचं: करून दाखवायला लावा, नाकारायला लावा, कारण डोळ्यांना दाखवा. पण त्या दिवशी तुमच्यासमोर सगळे नीटच करतात. खरं उत्तर आठवड्याभरानं शॉप फ्लोअरवर मिळतं, तेही पाळीच्या शेवटच्या तासात किंवा रात्रपाळीत.

तेव्हा फेटलिंगवाल्याला मास्क काढायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंनी किंवा गालावरून आत गेलेले काळे ओघळ दिसले तर तिथून हवा येत होती. मास्कची आतली बाजू बघा. ती पांढरी असायला हवी. काळी असेल तर एक तर मास्क गळतोय, नाहीतर तो जेवणाच्या सुट्टीत खिळ्याला टांगला जातोय आणि आत धूळ बसतेय. त्यालाच विचारा, "हे काळं कुठून आलं असेल?" उत्तर त्याला शोधू द्या. ओतकामावर पाय बघा. पँट बुटाच्या आत खोचलेली असेल तर उडालेलं मेटल सरळ बुटात जातं. पँट बुटावरून बाहेर हवी आणि त्यावर लेग गार्ड. फौंड्रीचे बूट बिनलेसचे असतात, कारण मेटल आत गेलंच तर बूट एका झटक्यात पायातून निघाला पाहिजे. हे कारण माहीत नसलेला माणूस लेसवाले सेफ्टी शूज "जास्त मजबूत" म्हणून मागून घेतो. ॲप्रनच्या आत पॉलिस्टरचा टी-शर्ट नाही ना, तेही बघा. तो जळताना वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडा तसं करत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. जुलैमध्ये माणूस दुचाकीवरून भिजत येतो, बूट ओले, पायमोजे ओले, रात्रभर शेडमध्ये पडलेले हातमोजेही दमट. भट्टीत ओलं स्क्रॅप गेलं की मेटल उसळतं हे भट्टीवाल्याला माहीत असतं, पण तीच ओल आपल्या अंगावर आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. जूनच्या सुरुवातीला एकदा फक्त ओलाव्यावर पंधरा मिनिटांचं टूलबॉक्स टॉक (कामाच्या जागीच उभ्यानं केलेलं छोटं बोलणं) घ्या आणि वाळवायला जागा करून द्या. जागा केली नाहीत तर बोलूच नका.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. समजलंय, तरी वापरत नाही. इथं मी आधी कामगाराकडं न जाता स्टोअरमध्ये जातो. मास्क आठवड्याला एक, असा नियम असेल आणि भिजलेला मास्क घेऊन गेलेल्याला स्टोअरकीपर "परवा तर दिला होता" म्हणून परत पाठवत असेल, तर तुमचं सगळं प्रशिक्षण त्या खिडकीवर संपलं. वर्गात आपण "नाकारा" म्हणतो आणि खिडकीवर नाकारायची सोय नसते. रात्रपाळीत स्टोअर बंद असतं का, तेही बघा. माझा आग्रह असा की खराब साधन दाखवलं की बदलून मिळेल, प्रश्न विचारला जाणार नाही. आणि रात्रीसाठी एक पेटी सुपरवायझरच्या केबिनमध्ये राहील. साधनाचे पैसे पगारातून कापले जात असतील तर ते आजच बंद करा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ११४ व्या कलमानं ते बेकायदा ठरवलं होतं आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेचाही रोख तोच आहे. ठेकेदारांकडं हे हमखास चाललेलं असतं आणि कंपनीला पत्ता नसतो.

मग माप. सगळ्यांना एकाच मापाचे हातमोजे आणि एकाच आकाराचा मास्क घेतला जातो, कारण खरेदीला ते सोपं पडतं. लहान चेहऱ्याच्या माणसाला, आणि कोअर शॉपमधल्या बहुतेक बायकांना, तो मास्क बसतच नाही. दोन-तीन प्रकारचे नमुने मागवा आणि माणसांना घालून बघू द्या. निवडीत हात असला की वापरही वाढतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मास्कवर आयएस ९४७३ आणि बुटावर आयएस १५२९८ ही भारतीय मानकाची खूण आहे का, ते खरेदीवाल्याला बघायला सांगा.

पीस रेटचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. नगावर पैसे मिळणाऱ्याला मास्क नीट बसवायला, काच पुसायला, पाणी प्यायला थांबणं म्हणजे खिशाला चाट. एप्रिल-मेच्या उकाड्यात ॲल्युमिनियमच्या ॲप्रनमध्ये माणूस उकडून निघतो. त्याला ठरावीक वेळानं सावलीत बसायची मुभा आणि त्या वेळाचे पैसे दिले नाहीत, तर तो ॲप्रनचा बंद सोडणारच. आणि सुपरवायझर स्वतः फेटलिंगमधून उघड्या तोंडानं फिरत असेल तर मुलाहिजा न ठेवता त्याच्याशी आधी बोला. नवा पोरगा व्हिडिओ विसरतो, सुपरवायझरचा चेहरा विसरत नाही.

दंडाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या अनुभवात दंड लावला की माणसं साहेब दिसल्यावर मास्क वर ओढायला शिकतात. आणि मग तुम्हाला खरी परिस्थिती कधीच दिसत नाही. जाणूनबुजून साधन टाळणाऱ्यावर कायद्यानंही जबाबदारी आहे, तेव्हा कधीतरी कारवाई करावी लागते. पण ती स्टोअर, माप, रेट आणि सुपरवायझर हे चारही नीट करून झाल्यावर.

ऑडिटरला काय दाखवायचं? सही ठेवा, ती लागतेच. तिच्या शेजारी चार रकाने वाढवा: कोणत्या भाषेत शिकवलं, कामगारानं काय करून दाखवलं, काय चुकलं, आणि पुन्हा केव्हा बघितलं. "वरचा पट्टा कानाखाली घेत होता, दुरुस्त केलं, पुढच्या आठवड्यात रात्रपाळीत बरोबर आढळलं." असं एक वाक्य शंभर गुणांच्या पेपरपेक्षा जास्त बोलतं. चुका लिहिल्या तर ऑडिटर पकडेल, असं तुमच्या व्यवस्थापनाला वाटेल. जाणता ऑडिटर उलट बघतो. सगळे पहिल्या झटक्यात बरोबर, असं रजिस्टर दिसलं की त्याला शंका येते. सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून कारखाना अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीनं, भोपाळनंतर, १११-अ कलमात आला. माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख हे मालकाचं कर्तव्य २०२० च्या संहितेतही आहे. प्रशिक्षण झाल्याचा कागद आणि मिळालेलं प्रशिक्षण यांत अपघातानंतर फरक केला जातो, आणि तेव्हा चौकशी करणारे कामगारालाच विचारतात.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात फक्त फेटलिंग आणि नॉकआउट घ्या, कारण धूळ आणि आवाज दोन्ही तिथं सगळ्यात जास्त. एका वेळी सहा-सात माणसं, पाळी सुरू होताना, साहेबांच्या केबिनपासून लांब. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ताट, आठवड्यानं शॉप फ्लोअरवर, आणि गावाहून मोठी सुट्टी संपवून आलेल्या जुन्यालाही पुन्हा ताट. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला पोस्टर स्पर्धा घेताच असाल, तर यंदा त्याऐवजी बक्षीस अशा माणसाला द्या, ज्यानं वर्षभरात एखादं खराब साधन परत करून बदलून घेतलं.

कोअर कोणत्या पद्धतीचे आहेत, फेटलिंगला सक्शन आहे का आणि रात्रपाळीत स्टोअरची चावी कुणाकडं असते, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.